तोतयाला मानणारा लागतो

‘तोतया’ हा शब्द आपण मराठीत किती सहज वापरतो! तोतया पोलीस, तोतया डॉक्टर, तोतया अधिकारी. वर्तमानपत्र उघडले की यांच्यापैकी कुणाची तरी गाठ पडतेच. अलीकडे त्यात नव्या तऱ्हेच्या बातम्यांची भर पडली आहे. कुणाच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर भलत्यानेच सिमकार्ड घेतले. कुणाच्या पॅन क्रमांकावर परस्पर कर्ज निघाले आणि वसुलीवाले दारात आल्यावर बिचाऱ्याला ते कळले. कुणाचे नाव आणि फोटो लावून कुणीतरी त्याच्याच मित्रांकडे पैसे मागितले. आपण याला ओळखचोरी म्हणू. नाव नवे आहे, हत्यारे नवी आहेत, पण धंदा जुना आहे. इतका जुना, की त्यातल्या गड्यासाठी मराठीत शब्द आधीपासूनच होता.

या जुन्या धंद्याचा थोडा इतिहास आज सांगावा म्हणतो. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा साधा माणूस आहे. पण नाव, सही आणि खूण यांच्याशी कवीचा रोजचा संबंध येतो, आणि इतिहासात डोकावले की आजच्या फसवणुकीवरचा उपायही तिथेच कुठेतरी दिसतो असा माझा अनुभव आहे.

सुरुवात पानिपतापासून करावी लागेल. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौजेचा तिथे पराभव झाला आणि सेनापती सदाशिवरावभाऊ रणात पडले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने या युद्धाची हकिकत लिहून ठेवली आहे. तिच्यानुसार शीर नसलेले एक धड अंगावरच्या खुणांवरून भाऊंचे म्हणून ओळखले गेले आणि त्याला अग्नी दिला गेला. पण हे सारे घडले पुण्यापासून शेकडो कोसांवर. पुण्यातल्या माणसांनी ना देह पाहिला, ना चिता पाहिली. त्यांच्याकडे पोहोचल्या त्या बातम्या, आणि बातम्यांच्या मागोमाग अफवा. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई त्यांच्याबरोबर पानिपतावर होत्या. त्या जिवंत परत आल्या. पती गेला हे त्यांनी कधी मानले नाही आणि सौभाग्यलेणी उतरवली नाहीत.

जिथे देह सापडत नाही, तिथे आशा मरत नाही. त्या आशेच्या जागेत काही वर्षांतच उत्तरेकडे एक माणूस येऊन उभा राहिला. ‘मीच भाऊ’ असे तो सांगू लागला. तो कनोजी ब्राह्मण होता आणि त्याचे खरे नाव सुखनिधान होते असे सांगतात. त्याला पकडून पुण्यात आणले, चौकशी झाली, खोटेपणा उघडा पडला आणि त्याला कैदेत टाकले. प्रकरण खरे म्हणजे इथेच संपायचे. पण थोरले माधवराव १७७२ मध्ये वारले, नारायणरावांचा १७७३ मध्ये खून झाला, गादीवर सवाई माधवराव हे तान्हे मूल आणि एकीकडे राघोबादादा व इंग्रज. पुणे दरबाराची घडी अशी विस्कटलेली असताना, १७७६ मध्ये, रत्नागिरीला कैदेत असलेला हा तोतया बाहेर आला. ज्याने त्याला कोंडून ठेवायचे, तो तिथला अंमलदारच त्याच्या बाजूला गेला होता. मग काय विचारता! कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, हजारोंची फौज जमली आणि स्वारी घाटाच्या दिशेने निघाली. शेवटी महादजी शिंद्यांच्या फौजेने त्याचा मोड केला. तो पळाला आणि कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यात पुन्हा चौकशी झाली. भाऊंना प्रत्यक्ष ओळखणारी माणसे अजून हयात होती. खुद्द नाना फडणीस पानिपताहून वाचून आलेले होते. त्याच वर्षी तोतयाला देहान्ताची शिक्षा झाली. पुढे न. चिं. केळकरांनी या विषयावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले आणि हा शब्दप्रयोग घरोघरी गेला.

मला या हकिकतीत तोतयापेक्षा रत्नागिरीचा तो अंमलदार महत्त्वाचा वाटतो. एकदा चौकशी होऊन गेलेला, खोटा ठरलेला माणूस. तुरुंगात बसून त्याने ‘मी भाऊ’ असे हजारदा म्हटले असते तरी काय झाले असते? भिंतींनी ऐकले असते. ज्या दिवशी दाराची किल्ली असलेल्या माणसाने ते मानले, त्या दिवशी त्याचा भाऊ झाला. त्या अंमलदाराचा खरोखर विश्वास बसला असेल किंवा त्याला तसे मानणे सोयीचे वाटले असेल. परिणाम एकच. तोतया एकटा कधी यशस्वी होत नाही. त्याला मानणारा लागतो. आणि ते मानणे ज्याला फायद्याचे किंवा सोपे असते, तोच पहिला मानतो. ओळखचोरीचा सारा इतिहास या एका वाक्यात बसतो असे मला वाटते.

आता प्रश्न असा, की मानायचे कशावर? माणूस समोर नसेल तर तोच बोलतोय हे ओळखायचे कशावरून? यासाठी समाजाने खुणा शोधल्या. आपल्या जुन्या कागदांवर लिहिता न येणाऱ्या माणसाची सही चित्राने होई. कुणब्याची निशाणी नांगर, बाईमाणसाची निशाणी बांगडी. राजाच्या कागदाला तर दुहेरी पहारा असे. वर शिक्का, आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबाचा अर्थच ‘इथे मर्यादा झाली’ असा. त्याच्याखाली कुणी एक ओळ जरी वाढवली तरी ती खोटी. आपण आज एखादी गोष्ट पक्की झाली की ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो, पण हा शब्द मुळात बनावट लिखाणाविरुद्धच्या बंदोबस्ताचा आहे हे आपल्या ध्यानात नसते.

आम्हा कवींचाही एक शिक्का असतो. उर्दूत त्याला तखल्लुस म्हणतात, मराठीत नाममुद्रा. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो. ते मोर्तबच म्हणायचे. पण या शिक्क्याचे काय झाले पाहा. ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा घालून इतरांनी रचलेले अभंग तुकोबांच्या नावावर जमा झाले. अभ्यासक अशा रचनांना प्रक्षिप्त म्हणतात. संत नामदेवांच्या नंतर विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला. दोघांचेही ‘नामा’. त्यामुळे कोणता अभंग कोणाचा, हे सोडवता सोडवता पंडितांचे केस पिकले. यात सगळेच चोर नव्हते. पुष्कळांनी भक्तीपोटी स्वतःची ओळ थोरांच्या नावावर केली असेल. तरीही शिकवण उरतेच. खूण जितकी मान्यता पावलेली, तितकी ती उसनी घेण्याचा मोह मोठा. ज्या शिक्क्याला कुणी विचारत नाही, त्याची नक्कल कोण कशाला करील?

नांगर आणि बांगडी कुणीही काढू शकतो. शिक्का कोरून घेता येतो. सही गिरवता येते. मग अशी खूण कोणती, जी माणसाच्या अंगावरच असेल? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच देशात, बंगालमध्ये सापडले. १८५८ साली जंगीपूर इथे विल्यम हर्शेल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाचा एक करार केला. समोर राज्यधर कोनाई नावाचा कंत्राटदार होता. उद्या ‘ही सही माझी नाही’ असे त्याने म्हणू नये म्हणून हर्शेलने कागदाच्या पाठीवर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. त्या वेळी हेतू एवढाच, की समोरच्याला थोडी जरब बसावी. पण साहेबाला नाद लागला. तो वर्षानुवर्षे माणसांच्या बोटांचे ठसे जमवत राहिला आणि त्याच्या लक्षात आले, की माणूस म्हातारा झाला तरी ठसा तोच राहतो.

१८७७ मध्ये हुगळीला असताना त्याने हे ठसे तीन ठिकाणी वापरायला सुरुवात केली. दस्तांची नोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन. या तिन्ही ठिकाणी ओळखचोरी होत होती. दस्तावर सही करायला भलताच माणूस उभा राही. शिक्षा एकाला होई आणि पैसे घेऊन तुरुंगात जाई दुसराच. पेन्शनरांचे तर विचारूच नका. मूळ पेन्शनर कधीचा वारलेला असे आणि त्याच्या नावावर पैसे उचलणारा दर महिन्याला ठणठणीत हजर.

पण ठसे घेणे सोपे, हजारो ठशांतून हवा तो शोधणे कठीण. हे कोडे सोडवले कलकत्त्यातल्या दोन हिंदी माणसांनी. बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोघे काम करत होते. हक गणिताचे पक्के. ठशांतल्या रेषांच्या वळणांवरून त्यांनी अशी वर्गवारी बसवली, की ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ खणांत कागद लावता यावेत आणि हवा तो झटकन काढता यावा. बोसांनी ठशांचे वर्णन तारेने पाठवता यावे म्हणून सांकेतिक लिपी तयार केली. १८९७ साली कलकत्त्यात ठसे-विभाग सुरू झाला. १९०१ मध्ये हीच पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डमध्ये गेली आणि तिथून जगभर. जगाने तिला नाव दिले ‘हेन्री पद्धती’. हक आणि बोस यांना खानबहादूर, रायबहादूर या पदव्या मिळाल्या आणि हक यांच्या कामाची कबुली हेन्री यांनी पुढे लेखी दिली. पण नाव मात्र साहेबाचे राहिले. माणसाची ओळख चोरीला जाऊ नये म्हणून ज्यांनी डोके शिणवले, त्यांचेच नाव त्यांच्या कामावरून पुसले गेले. इतिहासालाही विनोदाची जाण आहे, फक्त तो विनोद कडवट असतो.

हर्शेलचे ते पेन्शनर मला दर वर्षी आठवतात, कारण माझे अब्बा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक होते. नोव्हेंबर महिना आला की हयातीचा दाखला द्यायला ते बँकेत जात. इस्त्रीचा पायजमा, टोपी, खिशात दोन पेन. एकदा रांगेत दोन तास गेल्यावर ते मला म्हणाले, ‘‘अरे, आपण जिवंत आहोत हे आपल्याला माहीत असून भागत नाही. बँकेलाही माहीत असावे लागते.’’ आम्ही दोघेही तेव्हा हसलो.

पण या वाक्यावर उत्तर प्रदेशातल्या एका माणसाचे अर्धे आयुष्य गेले. आझमगढ जिल्ह्यातले लालबिहारी. १९७५ च्या सुमारास ते कर्जासाठी कागदपत्रे काढायला गेले तेव्हा कळले, की सरकारी दप्तरात ते मृत आहेत. जमिनीच्या लहानशा तुकड्यासाठी नातलगांनीच दप्तरात त्यांना मारून टाकले होते. लाच घेऊन नोंद करणारा कारकून सापडला की झाले. इथे तोतयाही लागला नाही. माणसाची ओळख कुणी स्वतःवर चढवली नाही, ती नुसती पुसून टाकली. समोर उभ्या असलेल्या माणसापेक्षा वहीतली ओळ खरी ठरली. लालबिहारींनी आपल्या नावापुढे ‘मृतक’ ही उपाधी लावली, त्यांच्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्या लोकांचा मृतक संघ काढला, अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात निवडणूक लढवली. हेतू एकच, कुठल्या तरी सरकारी कागदावर आपण जिवंत असल्याची नोंद व्हावी. १९९४ साली सरकारने त्यांना जिवंत मानले. जवळजवळ १९ वर्षे लागली. २०२१ मध्ये त्यांच्या कहाणीवर ‘कागज’ नावाचा हिंदी चित्रपटही आला.

ओळखचोरीत पैसे जातात हे खरे, पण त्याहून मोठा घाव वेगळाच असतो. ज्याचे चोरीला गेले त्यालाच सिद्ध करत बसावे लागते, की मी मी आहे, हे कर्ज मी काढले नाही, ही सही माझी नाही. चोराला मानायला एक मिनिट लागते आणि मालकाला मानायला वर्षे.

आता आजच्या काळात येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. दहा बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची नोंद. ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण ज्यांच्यासाठी टोमणा म्हणून वापरत होतो, त्यांच्या रांगेत प्राध्यापक आणि न्यायाधीशही येऊन उभे राहिले. मला हे दृश्य आवडले होते. शेवटी सगळे अंगठाछाप!

पण ठसासुद्धा चोरता येतो. २०१८ साली तेलंगणात असे उघडकीस आले, की सरकारी संकेतस्थळावर ठेवलेल्या जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलून, त्यांचे रबरी अंगठे बनवून सिमकार्डे चालू केली गेली. नंतर आधारला जोडलेल्या बँकखात्यांतून पैसे काढण्यासाठीही अनेक राज्यांत हीच युक्ती वापरली गेली. हर्शेलने फसवणूक थांबावी म्हणून दस्तावर जो ठसा घ्यायला लावला, तोच दस्त ठशांच्या चोरीचे कोठार झाला. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने यंत्रावर ठेवलेले बोट जिवंत आहे की नाही, हे ताडून पाहणारी व्यवस्था आणली. म्हणजे आता बोटालाही हयातीचा दाखला द्यावा लागतो!

कायद्याने या गोष्टीची दखल घेतली आहे. जुन्या भारतीय दंडविधानात ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ हा गुन्हा होताच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३१९ प्रमाणे या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-सी आले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही, पासवर्ड किंवा अशी कोणतीही ओळखीची खूण लबाडीने वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. कायदा आहे, पण तो चोरीनंतर येतो. चोरीआधी आपणच असतो.

मग आपण काय करावे? आमच्या मोहल्ल्यात एसटीतून निवृत्त झालेले एक चाचा आहेत. त्यांना मागे एक फोन आला. ‘‘काका, तुमचा हयातीचा दाखला रद्द झालाय, पेन्शन बंद होईल. मोबाइलवर आलेला नंबर सांगा, लगेच चालू करून देतो.’’ बोलणारा मोठा गोड. चाचांनी तीस वर्षे कंडक्टरकी केलेली. ते म्हणाले, ‘‘साहेब, मी जन्मभर बिल्ला लावून नोकरी केली. आधी तुमचा बिल्ला नंबर सांगा.’’ त्याने काहीतरी आकडा ठोकून दिला. चाचांनी तो कागदावर लिहून घेतला आणि म्हणाले, ‘‘ठीक आहे. उद्या शाखेत जाऊन हा नंबर दाखवतो आणि मग तुमचे काम करतो.’’ फोन कट झाला!

मंडळी, चाचांनी काय केले ते नीट पाहा. त्यांनी फोनवाल्याला खोटारडा म्हटले नाही, भांडण केले नाही. त्यांनी फक्त उलट विचारले, आणि मिळालेले उत्तर दुसऱ्या ठिकाणी, स्वतःला माहीत असलेल्या ठिकाणी, ताडून पाहायचे ठरवले. तोतयाने दिलेल्या पत्त्यावर तोतयाची चौकशी करायची नसते. पुण्यातल्या चौकशीनेही वेगळे काय केले? माणूस स्वतःबद्दल काय सांगतो ते ऐकले आणि ज्यांना भाऊ माहीत होते त्यांच्याकडून पडताळून घेतले. तोतयाला मानणारा लागतो, आणि पुष्कळ वेळा तो मानणारा आपणच असतो. आपण लगेच मानायचे नाही, एवढे जमले तरी अर्धी लढाई जिंकली.

उरलेली अर्धी सवयीची आहे. मोबाइलवर येणारा ओटीपी हे आजचे मोर्तब समजा. आपले मोर्तब कुणी दुसऱ्याच्या हाती देतो का? बँकेचा माणूस असो, पोलीस असो, जावई असो, तो आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही. ओळखपत्राची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवी रेघ मारून कशासाठी दिली, कुणाला दिली आणि तारीख लिहावी. खाली सही करावी. मग ती प्रत दुसऱ्या कामाला चालवणे अवघड जाते. आधारची अशी प्रतही मिळते, जिच्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. जिथे चालत असेल तिथे तीच द्यावी. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या ठशांना कुलूप लावता येते आणि गरज पडेल तेव्हा उघडता येते. घरातल्या शिकलेल्या नातवाला जवळ बसवून हे एकदा करून घ्यावे.

आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथेच कळवता येते. आपल्या नावावर कुठे कर्ज आहे याचा अहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. शेती असेल तर सातबारा अधूनमधून काढून पाहावा आणि फेरफाराची नोटीस आली तर ती न वाचता कपाटात टाकू नये. लालबिहारींना आपला मृत्यू कर्ज काढायला गेल्यावर कळला. आपण तेवढी वाट पाहू नये. मोबाइलची रेंज अचानक गेली आणि बराच वेळ आलीच नाही, तर आपल्या नावाने दुसरे सिम कुणी काढले असण्याचीही शक्यता असते. दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला लगेच विचारावे.

व्हिडिओ कॉलवर खाकी घातलेला कुणी ‘तुम्हाला डिजिटल अटक केली आहे’ म्हणून दरडावू लागला, तर घाबरू नये. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. तो तोतयाच आहे. आणि एवढे करूनही घात झाला, तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी, पोलिसांत तक्रार द्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली असा नियम केला, की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा प्रकारात ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर नुकसान त्याच्या अंगावर पडू नये. म्हणजे उशीर महागात पडतो.

शेवटी एक मनातले बोलतो. माझ्यासारख्या नावाच्या माणसाला ओळखपत्र दाखवायची सवय असते. लॉजवर, घर भाड्याने घेताना, कधी कधी तर कविसंमेलनाच्या दारातसुद्धा मला जरा जास्त विचारले जाते. मला विचारण्याचे वाईट वाटत नाही. सगळ्यांना सारखेच विचारावे, एवढीच अपेक्षा असते. आपण परक्या वाटणाऱ्या नावाकडे दहादा बघतो आणि ओळखीच्या, वजनदार नावापुढे एकदाही विचारत नाही. तोतयाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून तो कधी परके नाव घेत नाही. तो पेशव्यांच्या घरातले नाव घेतो, बँकेचे घेतो, पोलिसांचे घेतो, आपल्या भाच्याचे घेतो. तेव्हा नाव बघून भरवसा टाकू नये आणि नाव बघून संशयही घेऊ नये. कुणीही असो, दोन प्रश्न विचारावेत. खऱ्या माणसाला त्यांचा राग येत नाही, आणि आलाच तर चहा पाजून काढता येतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)